नियम आणि वहिवाट



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले. लोकांच्या वेलांट्या आणि उकार दुरुस्त करण्यात ज्यांचे डोळे खर्ची पडले, त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून 'रूढीपुढे व्याकरणाने मान तुकवावी का' हा प्रश्न विचारणे थोडे उद्धटपणाचे आहे. पण मुद्रितशोधकाइतका हा प्रश्न रोज दुसऱ्या कोणाला पडत नाही. शिवाय आत्ता मी तुमच्याशी 'केलं-गेलं' करत बोलते आहे आणि पुढे पुस्तिकेत तेच 'केले-गेले' होऊन छापले जाणार आहे. माझी त्याला हरकत नाही. मात्र ही बदली कोण करते, कोणत्या अधिकाराने करते आणि तिने कोणाची सोय होते, याची चौकशी व्हायला हवी.

सुरुवात पतंजलीपासून करते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या 'महाभाष्या'त एक किस्सा आहे. एक वैयाकरण विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथी उत्तर देतो, मी याचा 'प्राजिता'. वैयाकरण तिथल्या तिथे निकाल देतो की हा अपशब्द आहे. पाणिनीच्या सूत्राने पाहिले तर त्याला तसे वाटायला जागा आहे. पण सारथी दबत नाही. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा की, महाराज, सूत्र कुठे लागते ते तुम्हांला कळते, लोकांना कोणते रूप चालते ते कळत नाही. चिडलेला वैयाकरण मग 'सूत' या शब्दावरून त्याला टोचायला जातो, तर तिथेही त्याची व्युत्पत्ती चुकलेली निघते आणि तीही सारथीच दाखवून देतो. हा किस्सा व्याकरणाच्या कोण्या विरोधकाने रचलेला नाही. परंपरेतला सर्वांत मोठा भाष्यकार तो सांगतो आहे आणि तो उघडपणे सारथ्याच्या बाजूचा आहे.

त्याच ग्रंथाच्या पहिल्या आह्निकात तो म्हणतो, घडा हवा असला की माणूस कुंभाराच्या घरी जातो, पण शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही. शब्द लोकांत आधीच असतात. म्हणजे परंपरा म्हणून आपण जिला हात जोडतो, ती परंपरा स्वतः वहिवाटीला आधी मानणारी आहे.

पण पतंजली तिथे थांबत नाही. 'यद्वा नः, तद्वा नः' याऐवजी 'यर्वाण, तर्वाण' असे बोलणाऱ्या ऋषींची गोष्टही तो सांगतो. मोठे ज्ञानी लोक, पण रोजच्या बोलण्यात उच्चार असे घसरलेले. त्यावरून त्यांचे नावच 'यर्वाण-तर्वाण' पडले. मात्र यज्ञकर्मात ते तसे बोलत नसत. बोलण्याचे प्रसंग वेगळे आणि त्या प्रसंगांचे नियम वेगळे, ही जाण इतकी जुनी आहे. आज यज्ञाची जागा कशाने घेतली म्हणाल, तर अनोळखी वाचकासाठी लिहिलेल्या मजकुराने. मृत्युपत्र, शासन निर्णय, औषधाच्या बाटलीवरची सूचना, पाठ्यपुस्तक. लिहिणारा समोर नसताना हे वाचले जाते आणि 'म्हणजे काय हो?' असे विचारायची सोय वाचणाऱ्याला नसते.

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडे व्याकरणाचे भांडण म्हणून जे चालते ते बहुतेक वेळा वेलांटीचे भांडण असते. कारक, प्रयोग, समास यांवर माणसे हातघाईवर येत नाहीत, 'महत्त्व'मध्ये दोन त हवेत की एक यावर येतात. आणि या वेलांट्यांची परंपरा आपण समजतो तितकी प्राचीन नाही. मोडी लिपीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलाच जात नसे. इकार एक, उकार एक. शिवकाळापासून पेशवाई संपेपर्यंत जमाखर्च झाले, तहनामे झाले, न्यायनिवाडे झाले, सनदा दिल्या गेल्या, आणि पहिली वेलांटी की दुसरी या शंकेने कोणाचे वतन बुडाल्याचे ऐकिवात नाही. ह्रस्व-दीर्घ सांभाळले जात ते बालबोधात, म्हणजे देवनागरीत, पोथ्यांत, आणि तेही संस्कृतच्या शेजारामुळे. एकोणिसाव्या शतकात छापखान्याने आणि सरकारी शाळांनी बालबोध पुढे आणले आणि पोथीची शिस्त सगळ्यांच्या माथी आली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836चे, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911चे. आणि आज ज्याला आपण शुद्धलेखनाचे नियम म्हणतो ते साहित्य महामंडळाने ठरवलेले आणि 1962 साली शासनाने मान्य केलेले चौदा नियम. 1972 साली त्यांत चारांची भर पडली. या सभागृहातल्या निम्म्या लोकांपेक्षा हे नियम वयाने लहान आहेत.

हे नियम मुळात एका वहिवाटीला दिलेली मान्यताच होते, हेही विसरू नये. त्याआधीची छापील मराठी उघडून पाहा. नांव, पांच, कांहीं, नाहीं, घरें, केळें. उच्चारातून केव्हाच गेलेली अनुनासिके कागदावर टिंबांच्या रूपाने शिल्लक होती. 'मी' प्रथमेत असला तर टिंब नाही, 'मीं केलें' असले तर टिंब, कारण ती तृतीया. त्याही मागे 'म्यां केलें', 'त्वां केलें'. बोलणाऱ्यांनी ही रूपे सोडली, लिहिणारे काही काळ चिकटून राहिले आणि शेवटी नियमांनी ती टिंबे पुसली. तेव्हा मोठी कुरकुर झाली. आज 'नांव' लिहिण्याचा आग्रह धरणारा माणूस शोधून सापडणार नाही. जुनी पुस्तके वाचताना आपल्याला अडतही नाही. लेखन बदलले की वारसा तुटतो, या भीतीचे उत्तर आपणच, आपल्या वाचनाने, देऊन बसलो आहोत.

मग अडते कुठे? माझ्या मते एकाच ठिकाणी, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

मराठीचा इकार-उकाराचा स्वतःचा नियम फार सोपा आहे. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ : गरीब, फूल, वकील. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर आधीचा ह्रस्व : किडा, विळी, सुरू. प्रत्यय लागला की तोल आपोआप सरकतो : गरिबाला, फुलात, वकिलांना. मराठी बोलणाऱ्याच्या जिभेला हा नियम शिकवावा लागत नाही, तिच्यात तो असतोच. 'वकील' अरबीतून आला, 'पोलीस' इंग्रजीतून आला, दोघांनीही मुकाट्याने तो पाळला : वकिलांनी, पोलिसांनी. फक्त संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द या नियमाबाहेर. आपण म्हणतो 'गूण', लिहायचे गुण. म्हणतो 'वीष', लिहायचे विष. म्हणतो 'मंदीर', 'नागरीक', लिहायचे मंदिर, नागरिक. 'जमीन'चे जमिनीत होते, पण 'शरीर'चे शरीरातच राहते. घरातल्या सगळ्यांना एक न्याय आणि जावयाला वेगळा, त्यातला हा प्रकार.

बरे, जावयाला कधीच काही सांगता येत नाही म्हणावे, तर तसेही नाही. 1962च्या नियमांनीच 'कवि'ला कवी केले, 'गुरु'ला गुरू केले. म्हणजे धीर केला तर जमते. पण समासात शिरताच पुन्हा जुने मानपान सुरू : कविमन, गुरुदक्षिणा. 'मंत्री' दीर्घ, पण मंत्रिमंडळ ह्रस्व. 'पक्षी' दीर्घ, पण पक्षिमित्र ह्रस्व. मग मुलाने 'नदिपात्र' आणि 'लक्ष्मिपूजन' लिहावे का? नाही, तिथे दीर्घच. का? कारण मंत्री हा मूळचा 'मन्त्रिन्' आणि नदी ही मूळचीच 'नदी'. म्हणजे मराठी शब्द मराठीत लिहिण्यासाठी मुलाने आधी त्याचे संस्कृतातले प्रातिपदिक जाणायचे. ज्या घरात तीन पिढ्या पाठांतर आहे तिथे ते कानावरून येते. ज्या घरातले मूल शाळेत जाणारे पहिलेच, तिथे ते कुठून येणार? त्याला मराठी येते, उत्तम येते, आणि तरी मराठीच्या वहीत लाल रेघा येतात. तुम्हांला नियम पाळायला सांगताना मी दोनच गोष्टी बघेन. मराठी येणाऱ्या माणसाला तो मराठीच्या बळावर शिकता येतो का, आणि तो मोडला तर वाचणाऱ्याचे काही नुकसान होते का. तत्समांचा अपवाद पहिल्या कसोटीवर साफ नापास होतो. दुसऱ्या कसोटीसाठी सुत आणि सूत, दिन आणि दीन, शिर आणि शीर अशा जोड्या नेहमी पुढे केल्या जातात. सारथी आणि मुलगा यांत घोटाळा होईल असे एखादे वाक्य खरोखर बेतून पाहा. बेतावेच लागेल, आपोआप सापडणार नाही.

याच दोन कसोट्यांवर मी एका बाबतीत मात्र कर्मठ आहे. अनेकवचनाचा अनुस्वार. 'माझ्या मुलाचा हक्क राहील' आणि 'माझ्या मुलांचा हक्क राहील'. मृत्युपत्रातले हे एक टिंब भावंडांना कोर्टात उभे करू शकते. घरात की घरांत, शेतकऱ्याचे कर्ज की शेतकऱ्यांचे, हा फरक बोलताना ऐकू येत नसेल, पुसट होत चालला असेल, पण कागदावर तो अर्थाचे ओझे वाहतो. आणि तो शिकायला संस्कृत लागत नाही. सगळीकडे हल्ली हे टिंब गळते, तेव्हा तीच वहिवाट माना, असे कोणी म्हणाले तर मी म्हणेन, नाही. इथे पतंजलीचा यज्ञ आहे. गंमत पाहा, 'तज्ज्ञ'मध्ये एक ज कमी पडला की हळहळणारे लोक हे टिंब राहून गेले तर त्यावरून सहज पुढे जातात. 'महत्व', 'उज्वल', 'कोट्यावधी' यांनी वाचकाचे काहीच बिघडत नाही. मी स्वतः महत्त्व, उज्ज्वल, कोट्यवधी असेच लिहिते, पण ती माझी सवय झाली, दुसऱ्याचा गुन्हा नव्हे.

आतापर्यंत वेलांटीबद्दल बोलले. खऱ्या व्याकरणात, वाक्याच्या घडणीत, शिरले की प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तिथे वहिवाट एक नसते.

सोलापूर-कोल्हापूरकडे, सीमाभागात, 'मी काम केलो', 'मी पुस्तक वाचलो' असे म्हणतात. कानडीचा शेजार. पुण्या-मुंबईत याला हसतात. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ, तेव्हा कर्मणी हवा : मी पुस्तक वाचले. ठीक. आता हसणाऱ्याला विचारा, 'मी त्याचं नाव विसरलो' हे शुद्ध की अशुद्ध? नाव हे कर्म आहे, क्रियापद सकर्मक आहे, भूतकाळ आहे, मग 'मी नाव विसरले' असे तो पुरुष का म्हणत नाही? मी मराठी शिकलो, मी चहा प्यालो. प्रमाण मराठीतच अशी काही क्रियापदे आहेत की जी कर्म असूनही कर्त्याच्या मागे जातात. व्याकरणकारांनी त्यांची नोंद अपवाद म्हणून केली आहे. सीमाभागातल्या बोलीने एवढेच केले की प्रमाणभाषेने पाच-दहा क्रियापदांना दिलेली मुभा सगळ्यांना दिली. म्हणजे 'विसरलो' हा अपवाद आणि 'वाचलो' हा गावंढळपणा, यांतला फरक व्याकरणाचा नाही. तो कोण बोलतो याचा आहे.

लोक नियम मोडतात असे वाटते तिथे कित्येकदा ते नियमच लावत असतात. 'म्हण' या धातूपासून 'म्हटलं' हे रूप आडवळणाचे आहे. 'म्हणलं' सरळ वाटेने जाते. 'प्यालो'ऐवजी 'पिलो'ही तसेच. लहान मूल 'मी करलं' म्हणते तेव्हा त्याने दामल्यांपेक्षा नेटके व्याकरण रचलेले असते. आपण त्याला 'केलं' शिकवतो, शिकवावेच, पण त्याला व्याकरण येत नाही असे म्हणू नये.

विदर्भातले 'तो येऊन राहिला' हे हिंदीवरून आले म्हणून टाकाऊ ठरवतात. येईना का हिंदीवरून. आपला पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरण हे सगळे इंग्रजी छपाईवरून आले आणि ते मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रजाकडे जाते. शाळाखात्यासाठी लिहिणाऱ्या मराठी पंडितांची मराठी तपासून देण्याचे कामही त्याच्याकडे होते. शेजाऱ्याकडून घेतलेले बाटगे आणि साहेबाकडून घेतलेले शास्त्रशुद्ध, हा हिशेब मला कधी जुळला नाही. त्याच एकोणिसाव्या शतकात 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. फुले काय म्हणत होते याला उत्तर देण्यापेक्षा ते कसे लिहितात यावर बोट ठेवणे सोपे होते. व्याकरणाचा हा उपयोग अजून संपलेला नाही.

बहिणाबाई चौधरींच्या कविता 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आल्या. त्या स्वतः निरक्षर होत्या आणि पुस्तक निघण्याच्या आदल्या वर्षी गेल्या. त्यांच्या 'मानूस'ला कोणी 'माणूस' केले नाही, आणि केले असते तर कविता मेली असती. पण जळगावकडच्या एखाद्या मुलीने त्यांचीच कविता शाळेत वाचून तिच्यावरच्या उत्तरात 'मानूस' लिहिले तर तिचा गुण कापला जातो. मी दोन्ही बाजू समजू शकते. कविता ही बोलणे आहे, उत्तरपत्रिका हा व्यवहार आहे. एवढेच की ती मुलगी शेवटी काय शिकते? तिच्या आजीची भाषा पुस्तकात आली तर साहित्य, आणि वहीत आली तर चूक.

याच्या उलटचा अनुभवही आपण घेतला आहे. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' अशी वाचायची रीत आली. हेतू चांगला होता. लिहिताना दोन आधी आणि वाचताना एक आधी, शिवाय सदुसष्टसारखी जोडाक्षरे, यांत मुले अडखळतात. कारण तर्काला धरून होते. पण केवढा गदारोळ झाला! प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. एरवी नियमांची पाठराखण करणारे लोक त्या दिवसांत वहिवाटीचे झेंडे घेऊन उभे होते. मला तेव्हा बरे वाटले, त्यांना पतंजलीचा सारथी आठवला म्हणून नव्हे, तर वहिवाट म्हणजे नेहमी ढिलाई नसते हे एकदाचे दिसले म्हणून. सावरकरांची 'अि, अु'ची बाराखडीही अशीच सोपी आणि तर्काला धरून होती, ती रुजली नाही. त्यांचेच 'महापौर' आणि 'दिनांक' रुजले. आणि 'बॅट', 'बॉल'मधले अर्धचंद्र लोक आधीच लिहीत होते, शासनाच्या वर्णमालेत 2009 साली त्यांना रीतसर जागा मिळाली. ट्रक पुल्लिंगी, बस स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी हे कोणत्या समितीने ठरवले? 'ई-मेल'चा तर अजून निकालच लागायचा आहे. आला, आली, आले, तिन्ही ऐकू येतात. लागेल हळूहळू.

एका नव्या गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. 'वहिवाट' हा शब्द मी तासभर वापरते आहे तो माणसांच्या वहिवाटीसाठी. आता मोबाइलचा कळफलक दोन अक्षरे टाइप केली की पुढचा शब्द सुचवतो. तो सुचवतो ते त्याला जे जास्त वेळा दिसले असेल ते. आपण तेच दाबतो, म्हणून ते आणखी जास्त वेळा दिसते. इथे रूढी बोलण्यातून घडत नाही, आळसातून घडते. शिवाय संगणकावर जो मजकूर चढला आहे तो शहरांचा आणि वर्तमानपत्रांचा. 'करून राहिलो' आणि 'केलो' तिथे जवळपास नाहीतच, आणि अनेकवचनाचे टिंब तिथेही गळते आहे. म्हणजे ज्या वहिवाटीला मान द्यावा ती मोजलीच जात नाही आणि जी थोपवावी ती फोफावते. पूर्वी निदान मुद्रितशोधकाशी भांडता येत असे.

मघाशी येताना एका शिक्षकमित्रांनी मला अडवून विचारले, 'हे सगळं ठीक आहे बाई, पण उद्या पेपर तपासताना मी काय करू?' हा प्रश्न मला सगळ्या सिद्धान्तांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, तेव्हा त्याचे उत्तर देते आणि थांबते. इतिहासाच्या, विज्ञानाच्या पेपरात वेलांटीसाठी एकही गुण कापू नका. मराठीच्या पेपरात अनुस्वार गळून अर्थ बदलला असेल तर जरूर कापा. 'शरिरात' आणि 'मंत्रीमंडळ' यांच्याखाली रेघ मारा, वर प्रमाण रूप लिहा, गुण कापू नका. 'मी पुस्तक वाचलो' असे निबंधात आले तर मुलाला जवळ बोलावून सांगा की तुझ्या गावी हे बरोबर आहे, अर्जात 'वाचले' लिही. आणि संवादलेखनात त्याने गावच्या माणसाच्या तोंडी ते वाक्य घातले असेल, तर त्याला पैकीच्या पैकी द्या.